मराठी कादंबरीतल्या सुटलेल्या इयत्ता

नववीतल्या मुलानं किंवा मुलीनं मराठीत काय वाचावं, असं एखाद्या ग्रंथपालाला विचारा. बहुतेक वेळा उत्तर दोन टोकांचं मिळतं. एका टोकाला ‘फास्टर फेणे’ आणि ‘बोक्या सातबंडे’, दुसऱ्या टोकाला थेट ‘मृत्युंजय’ नाहीतर ‘ययाति’. पहिली पुस्तकं या मुलांनी पाचवी-सहावीतच संपवलेली असतात आणि दुसरी मोठ्यांसाठी लिहिलेली असतात. मधली चार-पाच वर्षं मात्र मोकळीच राहतात. आवाज फुटतो, आईशी खटके उडायला लागतात, जिवाचा मित्र अचानक बोलेनासा होतो आणि ‘मी नेमका कोण’ हा प्रश्न रात्री झोपू देत नाही, ती हीच वर्षं. या वर्षांवर मराठीत काय लिहिलं गेलं, कुणी लिहिलं आणि ते कुणाच्या हातात पडलं, याचा हा आढावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य करायला हवी. किशोरवयावरचं लेखन मराठीत कमी नाही. उलट मराठी गद्यातली काही अव्वल पानं याच वयावर आहेत. अडचण आहे ती अंतराची. ही पानं बहुतेक करून पन्नाशी-साठीच्या लेखकांनी मागे वळून लिहिली आणि त्यांच्यासारख्याच मोठ्या वाचकांनी हळवं होत वाचली. ज्याचं वय पुस्तकात आहे, तो वाचक त्या पुस्तकाच्या हिशेबात क्वचितच होता.

तिकडे काय झालं

अमेरिकेत या वयाचं फडताळ वेगळं झालं त्याला बरीच वर्षं झाली. तिथल्या ग्रंथालय संघटनेनं किशोर वाचकांसाठी स्वतंत्र विभाग काढला तो 1957 साली. दहा वर्षांनी, 1967 मध्ये, एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ आली. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा गावात राहणाऱ्या हिंटन यांनी पंधराव्या वर्षी ती लिहायला घेतली आणि छापून आली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. मुलांच्या टोळ्यांवरचं पुस्तक एका मुलीनं लिहिलंय हे कळलं तर समीक्षक ते गंभीरपणे घेणार नाहीत, म्हणून प्रकाशकानं मुखपृष्ठावर आद्याक्षरंच ठेवली. गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. आईबाप अपघातात गेलेले, तीन भाऊ एकमेकांना धरून राहिलेले, गावात श्रीमंतांची एक टोळी आणि गरिबांची दुसरी. मी कोण, घर म्हणजे कोण आणि मित्र म्हणजे कोण, हे तिन्ही प्रश्न त्या छोट्या पुस्तकात एकत्र आले. पुढे या साहित्याला स्वतःचा मोठा पुरस्कारही मिळाला. ‘प्रिंट्झ’ नावाचा हा पुरस्कार 2000 पासून दिला जातो आणि पहिल्या वर्षी तो वॉल्टर डीन मायर्स यांच्या ‘मॉन्स्टर’ला मिळाला. खुनाच्या खटल्यात आरोपी म्हणून उभा असलेला सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा त्याचा नायक आहे.

तिकडचं सगळंच सोनं आहे असं नव्हे. ठरावीक साच्याची, एका आठवड्यात विसरली जाणारी पुस्तकं तिथे ढिगानं निघतात. पण हिंटन यांच्या पुस्तकानं एक पायंडा पाडला. या वयाविषयी लिहायला ते वय सरून जाण्याची वाट पाहावी लागत नाही, हे तिथल्या प्रकाशकांना आणि लेखकांना पटलं.

घर: माया आणि झटापट

मराठीत या वयाचं घर म्हटलं की पहिलं नाव ‘श्यामची आई’चं. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत हे पुस्तक लिहून काढलं. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. अशा 42 रात्री. म्हणजे मराठी किशोरवयाच्या पहिल्या मोठ्या पुस्तकाची बैठकच आठवणींची आहे. आई गेलेली आहे, पश्चात्ताप उरलेला आहे आणि सांगणाऱ्याला आता सगळं कळून चुकलेलं आहे. पुस्तकाची ताकद त्यात आहे आणि मर्यादाही. श्याम आईवर रुसतो, हट्ट करतो, पण त्याचं रुसणं शेवटी चूकच ठरणार, हे वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असतं. घरातल्या भांडणात मुलाचीही काही बाजू असू शकते, ही शक्यता तिथे उघडत नाही.

ती उघडते आनंद यादवांच्या ‘झोंबी’त. ही आत्मचरित्रात्मक कादंबरी 1987 साली आली आणि 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. कागलच्या कुळाच्या पोरानं शाळा शिकायची की बापाच्या मळ्यात राबायचं, एवढाच झगडा. पण तो यादवांनी इतक्या जवळून मांडलाय की पौगंडावस्थेतल्या मुलाचं आणि बापाचं नातं समजून घ्यायला मराठीत याहून चांगलं पुस्तक सापडायचं नाही. वडिलांनी शाळा सोडायला लावलेला आनंदा आणि त्याची आई गावातल्या दत्ताजीराव देसायांकडे गुपचूप जातात आणि त्यांच्या दबावामुळे वडील नाइलाजानं हो म्हणतात. मात्र अटी घालून. सकाळी अकरापर्यंत मळ्यात काम करायचं, तिथूनच शाळेत जायचं, सुटल्यावर जनावरं चारायची आणि मळ्यात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. पोरगं सगळं कबूल करतं.

पुढचा प्रसंग तर आजच्या कुठल्याही वर्गात घडू शकेल असा आहे. बरोबरीची मुलं पुढच्या वर्गात गेलेली, हा पुन्हा पाचवीत, आपल्याहून लहान पोरांमध्ये. पहिल्याच दिवशी वर्गातला एक वांड पोरगा त्याच्या डोक्याचा पंचा ओढतो, धोतराला हिसके देतो. नव्या वर्गात, चुकीच्या कपड्यांत, चुकीच्या वयाचं असण्याची ही लाज. मग वसंत पाटील नावाचा हुशार मुलगा भेटतो. आनंदा त्याच्या वह्या-पुस्तकांची टापटीप न्याहाळतो, त्याच्यासारखा अभ्यास करू लागतो आणि गणितात मास्तरांच्या नजरेत भरतो. सौंदलगेकर मास्तर कविता गाऊन शिकवतात. मग हाही मळ्यात पाणी पाजताना त्या गातो आणि म्हशीच्या पाठीवर काडीनं ओळी लिहितो. एकटेपणा, मैत्री आणि आपल्यात काहीतरी आहे हे पहिल्यांदा उमगणं, सगळं या थोड्या पानांत येतं. देशभर ज्या शाळांमध्ये एनसीईआरटीची पुस्तकं चालतात, तिथे बारावीच्या हिंदीत हा भाग ‘जूझ’ या नावानं शिकवला गेला. महाराष्ट्रातल्या नववी-दहावीच्या किती मुलांना ‘झोंबी’ माहीत आहे, हा प्रश्न मात्र विचारावासा वाटतो.

मैत्री: लंपन आणि शाळेतली चौकडी

मैत्रीचं सर्वांत कोवळं रूप प्रकाश नारायण संतांच्या लंपनमध्ये आहे. ‘वनवास’ (1994), ‘शारदा संगीत’ (1997), ‘पंखा’ (2001) आणि संतांच्या निधनानंतर आलेलं ‘झुंबर’ या कथासंग्रहांमधून लंपन हळूहळू वाढतो. आईबाबांपासून दूर, बेळगावच्या परिसरात आजीआजोबांकडे राहणारा हा मुलगा. घर आहे, माया आहे, तरी आपण इथले की तिथले, ही टोचणी कायम. सुमीबरोबरची त्याची मैत्री मैत्री कुठे संपते आणि दुसरं काही कुठे सुरू होतं हे न कळण्याच्या वयातली आहे, आणि संत ते न कळणं तसंच ठेवतात. कानडी वळणाची मराठी, स्वतःशीच चाललेली बडबड, मोजमापाचं वेड. हा आवाज एकदा कानात बसला की जात नाही. 2024 मध्ये ‘लंपन’ ही वेबमालिका आली आणि नव्या पिढीला तो पडद्यावर भेटला.

मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (2004) आली आणि मराठीला पहिल्यांदा नववीच्या वर्गाची कादंबरी मिळाली. सांगणारा मुकुंद जोशी, साल आणीबाणीचं. सुऱ्या, चित्र्या, फावड्या आणि तो, अशी चौकडी बांधकाम अर्धवट राहिलेल्या एका इमारतीत जमते. मोठ्यांची नजर पोचत नाही अशी तेवढी एकच जागा त्यांच्या वाट्याला आलेली आहे. शिरोडकर नावाच्या मुलीपायी मुकुंदाचा जीव टांगणीला लागतो, नरूमामा त्याला मोठ्या माणसासारखं वागवतो आणि वर्ष संपता संपता चौकडी पांगते. बोकील निवेदकाला शहाणं करत नाहीत. मुलांची भाषा, त्यांचा चावटपणा, मुलींविषयीचं घोर अज्ञान, मास्तरांबद्दलची भीती आणि तुच्छता, काहीही पुसलेलं नाही. मागे वळून उपदेश करण्याचा मोह टाळल्यामुळेच हे पुस्तक किशोरांच्या हातातही टिकतं.

तरीही हिशेब मांडला तर ‘शाळा’तही अंतर आहेच. गोष्ट 1975-76 ची, पुस्तक 2004 चं. ‘झोंबी’तलं बालपण स्वातंत्र्याच्या आगेमागेचं, पुस्तक चाळीसेक वर्षांनंतरचं. लंपनचं जगही ते लिहून होण्याच्या कितीतरी आधीचं. यात दोष लेखकांचा नाही. असं लिहायला तेवढं पिकावंही लागत असेल. पण परिणाम असा झाला की मराठी किशोरवय म्हटलं की कंदील, सायकल, चिठ्ठी आणि खाकी अर्धी चड्डी डोळ्यांपुढे येते. क्लासच्या टेस्ट सिरीज, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून एखाद्याला काढून टाकणं, नोकरीपायी पुण्याहून बंगळूरला हललेलं घर, या गोष्टींना अजून त्या तोडीचं पुस्तक मिळालेलं नाही.

मी कोण: दोन झपाटलेली पुस्तकं

याला ठळक अपवाद दोन, आणि दोन्ही बोलके आहेत. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ 1963 साली आली तेव्हा ते पंचविशीत होते आणि त्यांचा पांडुरंग सांगवीकरही पंचवीसच वर्षांचा आहे. खानदेशातल्या सांगवीहून पुण्याच्या कॉलेजात आलेला, वसतिगृहात मित्रांच्या गराड्यातही एकटा पडलेला, बापाच्या पैशानं शिकणारा आणि त्या पैशाचाच राग असणारा. धाकटी बहीण मनी देवीनं जाते, तिथे कादंबरीचा थट्टेचा सूर फुटतो आणि पांडुरंगाचं घर, गाव, देव, सगळं संशयाच्या फेऱ्यात येतं. नेमाडे यांनी नुकतंच मागे पडलेलं आयुष्य लिहिलं. अंतर पडू दिलं नाही. म्हणून साठ वर्षांनंतरही वसतिगृहातली मुलं ‘कोसला’ आपली म्हणून वाचतात.

दुसरी सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’. त्यांनी ती विशीत लिहिली, छापून 2006 साली आली. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो आणि भाऊ तनय व बहीण अनुजा दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. तो दोघांनाही सोडून जातो. अर्धी कादंबरी तनय सांगतो, अर्धी अनुजा. मुलावर प्रेम करणारा मुलगा मराठी मध्यमवर्गीय घरात कसा श्वास घेतो, हे यात आरडाओरडा न करता आलंय. 2013 मध्ये जेरी पिंटोंनी तिचा इंग्रजी अनुवाद केला, 2022 मध्ये तिच्यावर चित्रपट आला. विशी-पंचविशीत, त्या वयाची धग विझायच्या आत लिहिलेल्या या दोन पुस्तकांना तरुण वाचकांनी जसं उराशी धरलं, तसं नंतरच्या आठवणींच्या पुस्तकांना क्वचितच धरलं.

‘मी कोण’ हा प्रश्न मराठीत सर्वांत धारदार विचारला गेला तो मात्र कादंबरीत नाही, दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत. दया पवारांचं ‘बलुतं’ (1978), लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ (1980), शरणकुमार लिंबाळेंचं ‘अक्करमाशी’ (1984), लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ (1987). यातली कितीतरी पानं शाळकरी वयाची आहेत. ‘अक्करमाशी’त शाळेच्या सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही हवी असते आणि या मुलाची ओळख काय लिहायची, बाप कुणाचा लावायचा, या पेचात सरपंच सापडतो. बाकीच्या मुलांना मनातल्या मनात पडणारा प्रश्न इथे सरकारी कागदावर येतो. या पुस्तकांना आपण ‘दलित साहित्य’ या कपाटात ठेवलं, विद्यापीठात नेमलं, त्यांवर प्रबंध लिहिले. मोठं होण्याची पुस्तकं म्हणून ती चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपुढे ठेवावीत, हे फारसं कुणाच्या मनात आलं नाही.

मुलींची बाकं

वरची नावं पुन्हा वाचली तर एक गोष्ट खटकेल. श्याम, आनंदा, लंपन, मुकुंद, पांडुरंग. ‘कोबाल्ट ब्लू’तली अनुजा सोडली तर सांगणारे सगळे मुलगे. शिरोडकर ‘शाळा’भर आहे, पण तिच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला मुकुंदाच्या तर्कांवरूनच कळतं. सुमीचंही तेच. ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’बरोबर ‘चिंगी’ही लिहिली, पण ती परंपरा पुढे किशोरवयात शिरली नाही. वयात येणाऱ्या मुलीची मैत्रिणींशी होणारी भांडणं, शरीराचा संकोच, आईची नजर, भावाला मिळणारी मोकळीक, हे मराठीत कथांमध्ये आणि आत्मकथनांमध्ये विखुरलेलं आहे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (2003) कोकणातल्या शाळकरी मुलीचं जग आहे, आई बांबूची आयदानं विणतेय आणि मुलगी शाळेतल्या अपमानांशी झगडतेय. कुमुद पावडेंनी ‘अंतःस्फोट’मध्ये दलित मुलीनं संस्कृत शिकणं म्हणजे काय असतं ते लिहून ठेवलंय. तरी ही आत्मकथनं झाली. मुलीच्या तोंडून सांगितलेली, ‘शाळा’च्या तोडीची कादंबरी अजून यायची आहे.

तोवर मराठी मुलींनी अनुवादांवर भागवलं. शांता शेळक्यांनी ‘लिटिल विमेन’ची ‘चौघीजणी’ केली आणि जो मार्च मराठी घरांत राहायला आली. ॲन फ्रँकची डायरी आली. मुलांसाठी राम पटवर्धनांनी मार्जोरी रॉलिंग्जच्या कादंबरीचं ‘पाडस’ केलं. हरणाचं पिल्लू आणि त्याला गोळी घालावी लागणारा ज्योडी वाचून अनेकांनी बालपण संपण्याचा अर्थ पहिल्यांदा जाणला. हे अनुवाद इतके अस्सल उतरले की ती परकी पुस्तकं आहेत याचा विसर पडतो, आणि आपली पुस्तकं नाहीत याचाही.

बालसाहित्य कुठे थांबतं

मुलांसाठी म्हणून लिहिणारी मंडळी काय करतात? बरंच, आणि चांगलंही. भा. रा. भागवतांच्या फुरसुंगीच्या बनेश फेणेनं कित्येक पिढ्या वाचत्या केल्या. पाठ्यपुस्तक मंडळाचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून चालू आहे. ‘वयम्’ हे मासिकही या वयाशी थेट बोलतं. ल. म. कडूंच्या ‘खारीच्या वाटा’ला 2017 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, गाव सुटण्याचं दुःख त्यात मुलाच्या डोळ्यांनी दिसतं. सलीम मुल्लांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ (2019 चा पुरस्कार) मुलांना रानात नेतं. संगीता बर्वेंच्या ‘पियूची वही’त (2022 चा पुरस्कार) एक मुलगी स्वतः लिहायला बसते, हीच मोठी गोष्ट.

पण यातली बहुतेक पुस्तकं बारा-तेरा वर्षांच्या उंबरठ्याशी थांबतात. कारणं उघड आहेत. मुलांचं पुस्तक विकत घेतात पालक, शाळेसाठी निवडतात शिक्षक. दोघांनाही संस्कार हवे असतात. प्रेम, शरीर, जात, नैराश्य, घटस्फोट यांपैकी काही पुस्तकात आलं की हात आखडतो. प्रकाशकाला ते कळतं आणि लेखकालाही. अकादमीनं 2010 पासून बालसाहित्य पुरस्कार सुरू केला, पण त्यात किशोरांसाठी वेगळा विभाग नाही. ‘युवा पुरस्कार’ आहे, पण तो लेखकाचं वय पस्तिशीच्या आत आहे की नाही एवढंच पाहतो. वाचकाच्या वयाशी त्याचा संबंध नाही. दहावी-बारावीत तर अवांतर वाचन म्हणजे वेळेचा अपव्यय, हे घराघरांत ठरूनच गेलंय.

विषय पेलणार नाहीत, हे कारण मात्र खरं नाही. ते चित्रपटांनी दाखवून दिलंय. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकरांचा ‘दहावी फ’ (2002) ढ म्हणून एका तुकडीत कोंबलेल्या मुलांचा राग घेऊन आला. ‘बालक-पालक’नं चाळीतल्या पोरांचं लैंगिक कुतूहल हसत हसत मांडलं आणि पालकही तिकीट काढून आले. नागराज मंजुळेंच्या ‘फॅन्ड्री’त जब्याचं प्रेम, त्याची जात आणि गावासमोर डुक्कर पकडण्याची लाज एकाच धाग्यात ओवली गेली. अविनाश अरुणच्या ‘किल्ला’त वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणात येतो आणि नवी मैत्री जोडताना धडपडतो. ओळख, घर, मैत्री, तिन्ही विषय पडद्यावर आले, चालले, गाजले. यांच्या जोडीला ठेवायला कादंबऱ्या शोधाव्या लागतात. शेजारी भारतीय इंग्रजीतही हे घडलंय. हिमांजली शंकर यांच्या ‘टॉकिंग ऑफ मुस्कान’मध्ये (2014) शाळकरी मुलीच्या समलैंगिकतेचा आणि वर्गातल्या क्रूरपणाचा विषय थेट किशोर वाचकांसाठी हाताळला आहे. मराठी घरातली, इंग्रजी शाळेतली मुलं असली पुस्तकं वाचतात आणि मराठी पुस्तक आपल्या वयाचं नसतंच, असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. मराठी वाचक गळतो तो बहुतेक याच वळणावर.

निष्कर्ष

किशोरवयाचं मराठी साहित्य दरिद्री नाही, पण त्याचा पत्ता चुकलेला आहे. म्हणून दोन कामं करण्यासारखी आहेत. पहिलं आजच करता येईल: शाळांनी आणि वाचनालयांनी आहेत तीच पुस्तकं योग्य हातात द्यावीत. आठवीला लंपन, नववीला ‘शाळा’ आणि ‘झोंबी’, दहावीनंतरच्या सुट्टीत ‘आयदान’ आणि ‘उपरा’, बारावीनंतर ‘कोसला’ आणि ‘कोबाल्ट ब्लू’. मुलं बिघडणार नाहीत. त्यांना जे रोज मोबाइलवर दिसतं त्यापुढे ही पुस्तकं फार जबाबदार आहेत. दुसरं काम लेखकांचं, आणि तेही विशी-पंचविशीतल्या लेखकांचं. शाळा-कॉलेज अजून अंगाला चिकटलेलं आहे तोवर ते लिहा. पन्नाशीत तुम्हीही त्याच्या आठवणीच लिहाल, आणि त्या आपल्याकडे पुरेशा आहेत. विशेषतः मुलींनी लिहावं. शिरोडकरची बाजू अजून कुणीच सांगितलेली नाही.